झायन-ब्राइससाठी मुक्काम: व्हेगास की सेंट जॉर्ज?

आई-बाबा भारतातून आले की ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं दाखवायची, हा अमेरिकेतल्या मराठी घरांत एव्हाना कुळाचारच झालाय. विमान लास व्हेगासला उतरवायचं यावर कुणाचा वाद नसतो. वाद असतो तो रोज रात्री पाठ टेकायची कुठे यावर. आमचं दोन्ही करून झालंय. एकदा ऑक्टोबरात पाच रात्री व्हेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, आणि दोन वर्षांनी एप्रिलात पाच रात्री युटा राज्यातल्या सेंट जॉर्जला. माणसं दोन्ही वेळेस तीच: आम्ही दोघं, मुलगी, आई आणि बाबा. बाबांचा उजवा गुडघा सहावा भिडू धरा, कारण बेत बऱ्याचदा त्याला विचारूनच ठरायचा.

पहिल्या वेळी सेंट जॉर्ज डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे मॅरेथॉन असते आणि त्याच महिन्यात पन्नाशी ओलांडलेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा. गाव त्या मानाने लहान, लाखभर वस्तीचं. भाव बघितले आणि गपचूप लॅपटॉप मिटला. व्हेगासला रविवार ते शुक्रवार त्याच्या निम्म्या पैशांत मोठ्या हॉटेलात खोली मिळत होती. ‘रिसॉर्ट फी’ नावाचा प्रकार नंतर बिलात उगवतो तो धरूनसुद्धा स्वस्तच.

व्हेगासवर अन्याय करायचा नाहीये, म्हणून त्याचं आधी सांगतो. खाण्यापिण्याचे हाल अजिबात नाहीत. इंडियन ग्रोसरी आहे, डोसा मिळतो, रात्री अकरालाही गरम जेवण मिळतं. आणि शहराच्या अगदी जवळ जे आहे ते लोक उगाच वगळतात. रेड रॉक कॅन्यन स्ट्रिपपासून अर्ध्या तासावर. तेरा मैलांचा एकेरी रस्ता, जागोजागी थांबे, गुडघेवाल्यांसाठी तर वरदान. (ऑक्टोबर ते मे त्याला वेळेचं आरक्षण लागतं, तेवढं विसरू नका.) व्हॅली ऑफ फायर तासाभरावर, आणि मला विचाराल तर लाल दगड पहिल्यांदा तिथेच बघावा. संध्याकाळच्या उन्हात तो इतका पेटतो की आई म्हणाली, “याला कुणी गेरू लावलाय का?”

ग्रँड कॅन्यनचं थोडं निराळं. व्हेगासमधले एजंट ‘ग्रँड कॅन्यन डे टूर’ म्हणून जी विकतात ती बहुतेक वेळा वेस्ट रिमची, म्हणजे पश्चिम काठाची असते. ती वालापाई या मूळनिवासी जमातीची जमीन, राष्ट्रीय उद्यान नव्हे, राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही. काचेचा स्कायवॉक तिथलाच. वाईट नाही, पण आपल्या डोक्यात जे चित्र असतं ते साउथ रिमचं, आणि ती व्हेगासहून साडेचार तास. सेंट जॉर्जहूनही जवळपास तेवढीच. म्हणजे तुमचा जीव साउथ रिममध्येच अडकला असेल तर या दोन गावांत डावं-उजवं करण्यात फारसा अर्थ नाही. एक रात्र तिकडेच काढा. आम्ही व्हेगासहून एका दिवसात जाऊन आलो आणि परतीच्या वाटेवर गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

आता खोलीपासून गाडीपर्यंतचा प्रवास. इतर कुणी याबद्दल लिहीत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो.

आमची खोली एकोणिसाव्या मजल्यावर. खोलीचं दार लावलं की लांबलचक कॉरिडॉर, मग लिफ्ट. लिफ्ट उघडते ती थेट कसिनोत. तिथे ना खिडकी, ना घड्याळ, ना सरळ वाट. नक्षीदार गालिच्यावरून मशिनांना वळसे घालत जायचं, सिगारेटच्या धुरातून. मग दुकानांचा एक बोळ, मग दुसरी लिफ्ट, मग पार्किंगचा चौथा मजला, आणि मग “काल गाडी कुठल्या खांबाला लावली होती रे?” मी घड्याळ लावून मोजलं नाही. पण खोलीतून निघताना मुलीच्या हातात दशमी असायची आणि गाडीशी पोचेपर्यंत ती संपलेली असायची. ती एक दशमी किती वेळ चघळते हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्या दिवशी याची मजाच वाटली. पहाटे सव्वापाचला आम्ही कानटोप्या घालून, डब्याची पिशवी आणि थर्मास घेऊन कसिनोतून चाललो होतो. दोन्ही बाजूंना माणसं मशिनांपुढे बसलेली. आई कौतुकानं म्हणाली, “बघ, इथली माणसंसुद्धा किती लवकर उठतात.” ती झोपलीच नाहीयेत हे सांगायला आमची जीभ रेटेना.

थर्मासमध्ये मात्र चहा नव्हता, कोमट पाणी होतं. खोलीत किटलीच नाही. फ्रिज होता, पण तो विकायच्या बाटल्यांनी गच्च भरलेला, खाली सेन्सर लावलेले. आईनं दह्याचा डबा ठेवायला दोन बाटल्या बाजूला सरकवल्या आणि त्या बिलात आल्या. काउंटरवरच्या मुलीनं हसून काढून टाकल्या खऱ्या, पण त्यासाठीही रांगेत उभं राहावं लागलंच.

पुढच्या वेळी इथे राहायचं नाही, हा निर्णय झाला तो तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी ब्राइस होतं, एका बाजूचे चार तास. सगळे गाडीत बसले, पट्टे लावले, आणि आईला आठवलं की ब्लडप्रेशरच्या गोळ्या खोलीतच राहिल्या. सेंट जॉर्जच्या हॉटेलात ही दोन मिनिटांची गोष्ट झाली असती. इथे मी चौथ्या मजल्यावरून खाली, बोळातून, धुरातून, वर एकोणिसावा मजला आणि तसाच परत. येताना एका वळणावर चुकून बुफेच्या दाराशी पोचलो. गाडीत बसलो तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, “पाऊण तास झाला.” बाबा तक्रार करत नाहीत, नोंद करतात.

आणि हा पाऊण तास साधा नसतो, कारण युटाचं घड्याळ नेव्हाडाच्या एक तास पुढे आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते अंगावर कसं येतं हे तिथे कळतं. व्हेगासहून साडेपाचला निघा. झायन साधारण १६० मैल, थांबे धरून तीन तास. पोचता तेव्हा तिथे साडेनऊ वाजलेले असतात आणि व्हिजिटर सेंटरचं पार्किंग कधीच भरलेलं. मग स्प्रिंगडेल गावात पैसे भरून गाडी लावा, गावातल्या शटल बसनं उद्यानाच्या दारापर्यंत या, तिथून आतल्या शटलच्या रांगेत. हंगामात आतल्या मुख्य रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत, म्हणजे दुसरा इलाजही नाही. (उन्हाळ्यात साउथ रिमला जाताना मात्र हा फटका बसत नाही. ॲरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही, त्यामुळे तेव्हा तिथली वेळ व्हेगासचीच असते.) येताना तो तास परत मिळतो म्हणतात. मिळतो, पण पाय दुखत असताना, आंतरराज्य महामार्ग १५ च्या अंधारात, ट्रकांच्या मधे. त्या तासाचं करायचं काय?

रात्री पुन्हा तीच वारी उलट. बुटांना लाल माती, केस विस्कटलेले, आईच्या हातात रिकामा डबा, आणि लिफ्टमध्ये आमच्याबरोबर चमचमत्या कपड्यांतला अत्तरानं घमघमणारा घोळका. त्यांची रात्र सुरू होत होती. बिचारे आम्हाला जागा द्यायला भिंतीला चिकटले, माती लागेल म्हणून असावं.

तुम्ही म्हणाल, मग स्ट्रिपच्या बाहेर, कसिनो नसलेल्या हॉटेलात राहायचं. बरोबर आहे. तसं केलंत तर माझी निम्मी तक्रार उरत नाही. पण वेळेचा तास आणि रोजचे तीन-तीन तास उरतातच, आणि दिव्यांपासून लांबच राहायचं तर व्हेगासला राहून मिळवलं काय?

दुसऱ्या वेळी सेंट जॉर्ज. व्हेगासहून जेमतेम दोन तास. वाटेत ॲरिझोनाच्या कोपऱ्यात व्हर्जिन नदीची घळ लागते. झायनची दरी कोरली ती हीच नदी. रस्ता इतका देखणा की मुलीनं हेडफोन काढले. पण पहिल्या सहलीत त्याच घळीतून आम्ही दोन दिवसांत चार वेळा गेलो होतो, आणि चौथ्या खेपेला सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे सोडून. तेही कसेबसे.

हॉटेल साधं, दोन मजली. गाडी खोलीच्या दारापुढे. फ्रिज रिकामा, मायक्रोवेव्ह, खाली फुकटचा नाश्ता. आईनं पहिल्याच सकाळी मायक्रोवेव्हमध्ये चहा केला, कसातरीच झाला, पण तो पिऊन बाबा म्हणाले, “आता कुठे सुट्टी वाटतेय.” झायन इथून चाळीस मैल. सातला निघालो, आठच्या आधी पार्किंग मिळालं. रिव्हरसाइड वॉकची पक्की वाट आई-बाबांनी रमतगमत पूर्ण केली. ती संपते तिथे नॅरोज सुरू होतं, नदीतून चालत जायची अरुंद दरी. सांधण बघितलेल्यांना भिंतींची जवळीक ओळखीची वाटेल. फक्त इथे पायाखाली पाणी वाहतं आणि ते बर्फासारखं असतं. आम्ही गुडघाभर पाण्यात जाऊन परत फिरलो. एंजल्स लँडिंग या झायनमधल्या उंच कड्यावर जायला २०२२ पासून परमिटची सोडत असते. आमचा नंबर लागला नाही आणि बायकोला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही.

दुपारी दोनला आम्ही हॉटेलवर होतो. व्हेगासहून गेलो असतो तर या वेळी परतीचे तीन तास अजून समोर असते. सगळे तासभर झोपले आणि पाचला स्नो कॅन्यनला गेलो, गाडीनं वीसेक मिनिटं. हे राज्याचं उद्यान, राष्ट्रीय पास चालत नाही, वेगळे पैसे पडतात. मला विचाराल तर दोन्ही सहलींतली सगळ्यात सुंदर संध्याकाळ तीच. लाल-पांढरा वालुकाश्म, म्हणजे कधीकाळच्या वाळूच्या टेकड्या गोठून दगड झालेल्या, आणि त्यावर मधेच काळ्या लाव्हाचे ओघळ. बाबा वाटेतल्या एका काळ्या दगडाशी थांबले, हात फिरवला. “अरे, हा तर आपला बेसॉल्ट!” लाल सगळं परकं आणि हा एकटा सह्याद्रीतला नातेवाईक. पुढची दहा मिनिटं ते त्या दगडापाशीच होते.

सेंट जॉर्जच्या उण्या बाजूही आहेत. रात्री नऊला गाव झोपतं. रविवारी तर बरीच दुकानं आणि खानावळी बंदच. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं गाव आहे, त्यांचं पांढरंशुभ्र टेम्पल गावात कुठूनही दिसतं. भारतीय जेवणाची चैन व्हेगासइतकी नाही. आम्ही तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती म्हणून भागलं. उन्हाळ्यात दोन्ही गावं भट्टी, त्यात निवड करण्यासारखं काही नाही. आणि ब्राइस इथूनही सव्वादोन-अडीच तास आहेच. फरक इतकाच की वाट झायनच्या १९३० सालच्या बोगद्यातून जाते, म्हणजे प्रवासही बघण्यासारखा. ब्राइसला काठाची उंची आठ हजार फुटांच्या वर. एप्रिलात खाली आम्ही अर्ध्या बाह्यांत आणि वर बर्फ. स्वेटर डिकीत ठेवाच. सूर्योदय बघायचा असेल तर मात्र कुठल्याही गावाहून पहाटे निघण्याचा अट्टाहास करू नका, एक रात्र तिथेच राहा.

युटातल्याच कनाब गावाचंही नाव लोक घेतात, आणि नकाशावर तेच सगळ्यांच्या मध्यभागी आहे: झायनचं पूर्वेचं दार, ब्राइस, पेज गाव, ग्रँड कॅन्यनची नॉर्थ रिम. दोघंच असाल, चालणारे असाल तर जरूर विचार करा. नॉर्थ रिमसाठी कनाब धरणार असाल तर २०२५ च्या जुलैतल्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळालंय हे लक्षात ठेवा. आई-बाबांना घेऊन मला जरा मोठं गाव बरं वाटतं, जिथे औषधाचं दुकान, वॉलमार्ट आणि दवाखाना हाताशी असतो.

खर्चाचं एक, जे दोन्हीकडे सारखंच आहे. २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनला माणशी १०० डॉलर जादा, आणि त्यांचा वार्षिक पास ८० ऐवजी २५० चा. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर हे आधी बेतात धरा.

ज्यांना उद्यानं हा व्हेगासच्या सहलीतला एक दिवस आहे, त्यांनी व्हेगासलाच राहावं. व्हॅली ऑफ फायर आणि रेड रॉक त्यांना भरपूर होतील. ज्यांची उलट परिस्थिती आहे त्यांनी निदान चार रात्री तरी युटात काढाव्यात असं मला आपलं वाटतं. आम्ही पुढच्या वर्षी बायकोच्या आई-बाबांना नेतोय. चार रात्री सेंट जॉर्ज ठरलंय, आणि विमानाच्या आदल्या दिवशी एक रात्र व्हेगास. बेलाजिओ हॉटेलपुढचे कारंजे त्यांनी बघितलेले नाहीत आणि बाबांनी फोनवर व्याह्यांना सांगून ठेवलंय की तिथे लागोपाठ तीन खेळ बघायचे, एकावर उठायचं नाही.

गोळ्यांची डबी मात्र त्या रात्री माझ्या खिशात राहील.