सत्तरीच्या काजूबागांतून आठ महिने: रोड सायकलवरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून यंदाच्या मेअखेरपर्यंत मी आठवड्यातून दोनदा तरी गोव्यातल्या साखळीहून निघून सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ भागात रोड सायकल चालवली. यांतले बहुतेक रस्ते काजूच्या बागांतून जातात. ज्या काजू फेणीला, म्हणजे गोव्याच्या काजूच्या दारूला, २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे बोंडू, म्हणजे काजूची फळे, याच उतारांवर पिकतात, त्यामुळे मार्च ते मे या काळात रस्ता, हवा आणि माणसांची वर्दळ या सगळ्यांवर काजूचा हंगाम उमटलेला असतो. द्राक्षमळ्यांतल्या आखीव ओळींमधून सायकल चालवण्याचे जे आकर्षण लोक सांगतात, त्याहून हे वेगळे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड जांभ्या दगडाच्या उतारावर वाटेल तसे वाढते आणि रस्ताही त्याच उतारांच्या कलाने चढतो, उतरतो. आठ महिन्यांनंतरचे माझे मत असे की, हे मार्ग उत्तम आहेत. मात्र सायकलचे गियर आणि निघण्याची वेळ या दोन गोष्टी नीट जमवल्या नाहीत, तर तेच मार्ग जीव नकोसा करतात.

बाहेरून येणारे सायकलस्वार सर्वांत आधी चोर्ला घाटाबद्दल विचारतात, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते. साखळी, पर्ये, मोर्ले, केरी अशा क्रमाने रस्ता जातो, केरीनंतर अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागते आणि तिथून खरा चढ सुरू होतो. घाटमाथा सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. चढ लांब असला तरी समजूतदार आहे. एकदा लय सापडली की ती फारशी मोडत नाही. ऑक्टोबरमध्ये मला धरणापासून माथ्यापर्यंत पावणेदोन तास लागत होते, मे महिन्यात तेच अंतर सव्वा तासात होऊ लागले. दोष म्हणायचा तर वाहतुकीचा. हा पणजी-बेळगाव रस्ता असल्यामुळे सकाळी आठनंतर बसगाड्या, ट्रक आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारी यांची रांग लागते, आणि अरुंद वळणावर मागून हॉर्न वाजला की चढाचा सगळा आनंद ओसरतो. मी पाच वाजता घरातून निघते आणि आठच्या आत उतरणीला लागते. पहाटे रस्त्यावर गवे उभे असण्याची शक्यता असते, म्हणून पुढचा दिवा चांगला प्रखर हवा आणि गवा दिसल्यास दूरवर थांबून त्याला वाट मोकळी करून द्यावी. पावसाळ्यात दरडी, धुके आणि निसरड यांमुळे मी या घाटात जातच नाही. ऑक्टोबरमध्येसुद्धा झाडांच्या सावलीतल्या रस्त्याच्या कडेला शेवाळ टिकून असते, त्यामुळे पहिले तीन आठवडे उतरताना रस्त्याच्या मध्याच्या जवळून चालवणे बरे.

मला स्वतःला त्याहून प्रिय झालेला मार्ग वाळपईहून सत्तरीतल्याच ठाणे गावाकडे, पुढे हिवरे-चरावणेपर्यंत जाणारा आहे. इथे एकही चढ नाव घेण्याइतका मोठा नाही, पण एकामागून एक असे आखूड आणि उभे चढ येत राहतात, की एकाचा दम जिरतो न जिरतो तोच दुसरा समोर दिसतो. म्हादईच्या खोऱ्यातली ही गावे आहेत. एका बाजूला दाट रान, दुसऱ्या बाजूला काजूची बाग, मध्येच एखादे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि त्यातल्या पाटाच्या पाण्याचा आवाज, एवढीच सोबत असते. वाहने इतकी कमी, की एखाद्या सकाळी दूधवाला आणि शाळेची बस यांपलीकडे कोणी भेटत नाही. ज्यांना थोडक्यात आटपायचे आहे, त्यांनी वाळपईहून नगरगावच्या बाजूला ब्रह्माकरमळीला जावे. पोर्तुगीज काळात तिसवाडीतल्या करमळीहून हलवलेली कदंबकालीन ब्रह्मदेवाची मूर्ती तिथल्या देवळात आहे, आणि देवळाच्या आवारातली सावली मार्चमध्ये फार उपयोगी पडते.

तिसरा मार्ग फोंडा तालुक्यातला, तिथल्या दुसऱ्या केरी गावाच्या आणि सावई वेऱ्याच्या बाजूचा. सुपारी-नारळाच्या सावलीतून जाणारा हा रस्ता सोपा आहे, अनंताच्या देवळापाशी विसावा घेता येतो आणि नवशिक्यांना मी हाच सुचवते.

आता गियरविषयी. माझ्या सायकलीला पुढे ५०/३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११-२८ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा ११ ते २८ दातांच्या चकत्यांचा संच, होता. सपाटीवर ही जोडी पुरेशी वाटे, पण ठाण्याच्या रस्त्यावरील उभ्या चढांवर मी अक्षरशः पेडलवर उभी राहून स्वतःला वर ओढत असे आणि डिसेंबरपर्यंत उजवा गुडघा दुखू लागला. हिशोब साधा आहे. मिनिटाला ६० फेऱ्या पेडल मारायचे तर ३४-२८ च्या जोडीवर ताशी नऊ किलोमीटरांहून थोडा अधिक वेग राखावा लागतो. माझ्या ताकदीला त्या चढांवर तो झेपत नव्हता, म्हणून फेऱ्या चाळीसवर येत आणि सगळा भार गुडघ्यावर पडे. ११-३४ ची कॅसेट बसवल्यावर त्याच ६० फेऱ्यांना ताशी साडेसात-पावणेआठ किलोमीटर पुरतात. गुडघेदुखी तीन आठवड्यांत थांबली. या भागात येणाऱ्या कोणालाही मी याहून महत्त्वाची सूचना देऊ शकत नाही.

मात्र हा बदल करताना माझे नुकसानही झाले, ते सांगणे आवश्यक आहे. ज्या दुकानात मी कॅसेट बदलून घेतली, तिथे लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बसवला, पण चेन जुनीच ठेवली. मोठ्या कॅसेटला चेनही तेवढी लांब लागते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते आणि मी विचारलेही नाही. जानेवारीत चोर्ल्याच्या चढावर नजरचुकीने पुढची आणि मागची, दोन्ही चकत्या मोठ्या पडल्या, चेन ताणली जाऊन डिरेलर पुढे ओढला गेला आणि तो जिथे अडकवलेला असतो तो छोटा पत्रा वाकला. पेडल जागच्या जागी अडकले. सुदैवाने वेग अगदी कमी होता. काजूच्या रिकाम्या पोत्यांनी भरलेली एक पिकअप खाली चालली होती. चालकाने काही न विचारता सायकल पोत्यांवर आडवी ठेवली आणि मला केरीपर्यंत आणून सोडले. तेव्हापासून दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी दोन्ही मोठ्या चकत्यांवर चेन टाकून पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

टायर मी २५ मिलिमीटरचे काढून २८ चे बसवले आणि हवाही थोडी कमी ठेवते. गावातल्या रस्त्यांवर पाइपलाइनसाठी खणून पुन्हा बुजवलेले चर जागोजागी आहेत, आणि वळणांवर वाहून आलेली बारीक खडी असते. पण या भागातले खरे निसरडे संकट बोंडवांचे आहे. फेणीसाठीचे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप गळलेलेच वेचतात. त्यामुळे मार्चनंतर रस्त्याच्या कडेला लाल-पिवळ्या बोंडवांचा सडा पडतो आणि मोटारींच्या चाकांखाली त्यांचा लगदा होतो. उतारावरच्या वळणात त्या लगद्यावरून माझे पुढचे चाक एकदा साबणावरून जावे तसे सरकले आणि कोपर खरचटले. तो आंबट-गोड वास नाकात शिरला की वळण येण्याआधीच वेग कमी करावा, हे मी त्या दिवसापासून पाळते.

त्याच हंगामात या मार्गांचे सगळ्यात सुंदर रूप पाहायला मिळते. ठाण्याच्या पुढे एका भट्टीवर मी एप्रिलमध्ये पाच-सहा वेळा थांबले. सकाळी सातलाच घरातल्या बायका बोंडवांपासून बिया पिळून वेगळ्या करत बसलेल्या असतात. शेजारी कोळंबीत, म्हणजे तुडवणीच्या हौदात, बोंडू पायांनी तुडवले जातात. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने गुंडाळून बांधतात, त्यावर जड दगड ठेवतात आणि त्यातून थेंब थेंब करत स्वच्छ रस खाली जमतो, तोच निरो. पलीकडे भाणाखाली, म्हणजे रस उकळायच्या भांड्याखाली, लाकडे धडधडत असतात, वाफ नळीतून लवणीत, म्हणजे ती थंड करायच्या भांड्यात, जाते आणि लवणीवर सतत गार पाणी ओतणारा पोरगा क्षणभरही जागेवरून हलत नाही. पहिल्या धारेचा हुर्राक, आणि तो पुन्हा निरोसोबत उकळला की फेणी. तिथल्या आजी मला पाहताच म्हणायच्या, "बाय, आधी टेक जरा, मग निरो घे." पेल्यातला तो थंड, किंचित तुरट रस घशाखाली उतरला की पुढचे दोन चढ हलके जात. निरो सकाळीच प्यावा, कारण ऊन वाढले की तो आंबू लागतो. हुर्राक मात्र सायकलवर असताना मी घेत नाही आणि कोणी घेऊ नये. उभ्या उतारांवर ब्रेकवरचा हात जागा असावा लागतो. घरी न्यायची असल्यास बाटली चिंधीत गुंडाळून पाठपिशवीत ठेवावी.

उन्हाविषयी एवढेच की, सत्तरी समुद्रापासून दूर असल्याने तिथे वारा पडलेला असतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये साडेनऊनंतर मी चढावर थांबत नाही, घरी पोहोचलेली असते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या नेते, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ घातलेले आमसुलाचे सरबत. वाळपईच्या बाजाराच्या पुढे सकाळी दुकाने उघडी मिळतीलच असे नाही, म्हणून भाजी-पाव खायचा तो वाळपईतच खाऊन घ्यावा. पंक्चरचे सामान आणि एक जादा ट्यूब जवळ हवीच, कारण पुढच्या गावांत स्कूटरचे पंक्चर काढणारा एखादा भेटतो, रोड सायकलची ट्यूब मिळत नाही.

आता भट्ट्या विझल्या आहेत आणि वळवाच्या सरी सुरू झाल्या आहेत. लगद्याने चिकट झालेली चेन मी काल रॉकेलने धुऊन, वाळवून तेल देऊन ठेवली. मोजून पाहिली तर ती बरीच ताणलेली निघाली, म्हणून ऑक्टोबरपूर्वी नवी घेणार आहे, आणि या वेळी तिची लांबी समोर उभी राहून मोजून घेईन.