जुन्या वॅगन आरचा ब्रेकचा लाल दिवा आणि दारव्ह्याचे एक बिनपाटीचे गॅरेज

दारव्ह्यात यवतमाळ रस्त्याला लागून कडुनिंबाच्या सावलीत एक गॅरेज चालते. त्याला पाटी नाही, छापील पावती मिळत नाही आणि बसायला एका लाकडी बाकापलीकडे सोय नाही. तरीही आजूबाजूच्या गावांतील मारुती ८००, अल्टो, इंडिका, बोलेरो अशा वय झालेल्या गाड्या तेथे नेहमी उभ्या दिसतात. आमची वॅगन आर २००७ सालची असून पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची नोंदणी वाढवून घेतलेली आहे. तिच्या मिटरवरचा ब्रेकचा लाल दिवा अधूनमधून लागू लागला, तेव्हा या गॅरेजच्या मिस्त्रींनी एकही भाग बदलण्याआधी त्याचे कारण शोधून काढले. त्यांनी ते कसे शोधले, हे जुनी गाडी बाळगणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला हा दिवा बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये दोन वेगळ्या कामांसाठी एकच असतो. हँडब्रेक ओढलेला असेल तर तो लागतो, आणि बोनेटखालच्या छोट्या टाकीतील ब्रेक ऑईल ठरावीक पातळीच्या खाली गेले तरी तोच लागतो. हँडब्रेकच्या दांड्याखाली एक साधे दाबाचे बटण असते आणि ऑईलच्या टाकीत एक तरंगता फ्लोट असतो; या दोहोंपैकी कोणीही तारेला अर्थिंग दिले, म्हणजे ती गाडीच्या पत्र्याशी जोडली, की दिवा पेटतो. त्यामुळे दिवा पाहून चालकाला एवढेच कळते की दोन ठिकाणांपैकी कोठेतरी काहीतरी आहे. हँडब्रेक खाली केलेला असूनही दिवा राहत असेल, तर टाकी पाहिल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

आमच्या गाडीचा दिवा आधी फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर लागून विझत असे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली असता तेथील माणसाने टाकीत ऑईल ओतले, दिवा विझलेला दाखवला आणि पुन्हा लागल्यास मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईल चाकांकडे ढकलणारा भाग, बदलावा लागेल असे सांगून ४,५०० रुपयांचा अंदाज कागदावर लिहून दिला. चाकांकडे कोणी पाहिले नाही. काही आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला, आणि शाळेतील एका सहकारी शिक्षकांच्या सांगण्यावरून मी गाडी दारव्ह्याला नेली.

मिस्त्रींनी बोनेट उघडण्यापूर्वी बरेच प्रश्न विचारले, आणि ते गाडी चालवणाऱ्या मला विचारले, सोबत आलेल्या माझ्या यजमानांना नव्हे. "ताई, दिवा वळणावरच लागते का सरळ रस्त्यानं बी लागते? बॅटरीचा दिवा संगं लागते का?" पहिल्या प्रश्नाचा हेतू असा की ऑईल काठावर असले म्हणजे ते टाकीत डुचमळताना फ्लोट खाली बसतो आणि दिवा चमकून जातो, ऑईल पुरेसे खाली गेले की दिवा कायमचा राहतो. दुसऱ्या प्रश्नाचे कारण मला ठाऊक नव्हते. काही जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बिघडला की बॅटरीच्या दिव्याबरोबर ब्रेकचा दिवाही पेटतो, आणि मग ब्रेक खोलून बसणाऱ्याचा सगळा दिवस वाया जातो, असे त्यांनी समजावले. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाते का, गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का, हेही त्यांनी विचारले. गाडी किंचित उजवीकडे ओढत होती, परंतु मी तो दोष टायरच्या हवेला देत आले होते.

त्यानंतर टाकी पाहण्याची पाळी आली. जुन्या गाडीची ही टाकी उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने इतकी पिवळी पडलेली असते की बाहेरून ऑईलची रेघ दिसत नाही. मिस्त्रींनी आधी झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून काढली, म्हणजे झाकण उघडताना कचरा आत पडू नये, आणि मग टाकीच्या मागे मोबाईलची टॉर्च धरली. उजेडात ऑईलची कड स्पष्ट दिसली. ती 'मिन'च्या खुणेला टेकलेली होती. त्यांच्या पोऱ्याने लगेच ऑईलचा डबा पुढे केला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. "तेल काही उडून नाही जात. आधी ते गेलं कुठं ते पाहू, मंग भरू."

येथे वाचकांसाठी एक खुलासा करणे आवश्यक आहे. ब्रेक ऑईल खाली जाणे म्हणजे प्रत्येक वेळी गळतीच असते असे नाही. पुढच्या चाकांचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी पकडणारे ब्रेकचे ठोकळे, झिजत जातात तसतसे त्यांना दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागे ऑईल साठते आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. अशा वेळी वरून ऑईल भरले, तर पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑईल टाकीबाहेर सांडते आणि रंग खाऊन टाकते. म्हणून पातळी उतरली तर आधी पॅड पाहायचे, हा क्रम बरोबर आहे. आमच्या गाडीचे पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक होते आणि पातळी काही आठवड्यांतच उतरली होती, त्यामुळे ती झिजेने उतरली असे मानता येत नव्हते.

हँडब्रेकच्या बटणाचीही त्यांनी खात्री करून घेतली. बटणाचा कपलर, म्हणजे तारेचा जोड, काढला तरी दिवा तसाच राहिला, टाकीच्या फ्लोटचा कपलर काढताच विझला. म्हणजे तक्रार टाकीच्याच बाजूची होती. एखादा आळशी कारागीर येथेच थांबतो. फ्लोटचा कपलर काढून ठेवला की दिवा कधीच लागत नाही, गिऱ्हाईक खूश होते आणि ऑईल संपेपर्यंत कोणाला काही कळत नाही. अशा तोडलेल्या तारांच्या गाड्या आपल्याकडे वरचेवर येतात, असे मिस्त्री म्हणाले. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी चावी फिरवून, हँडब्रेक ओढून हा दिवा लागतो की नाही एवढे तरी पाहावे. दिवा लागतच नसेल तर ती चांगली खूण नव्हे. अर्थात हँडब्रेकने दिवा लागला म्हणून फ्लोटची तार शाबूत आहे असे सिद्ध होत नाही, तिचा कपलर बोनेट उघडून वेगळा पाहावा लागतो.

मास्टर सिलिंडरचा निकाल त्यांनी फार थोड्या वेळात लावला. इंजिन चालू ठेवून मला पेडल घट्ट दाबून धरायला सांगितले. आतून गळणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये पेडल पायाखाली सावकाश बसत जाते. आमचे जागेवर स्थिर राहिले. सिलिंडर आणि पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर यांच्या सांध्याखाली बोट फिरवून पाहिले तर तेथे कोरडी धूळ होती, ओल नव्हती. साडेचार हजारांचा कागद तेथेच रद्द झाला.

मग चाके. पुढच्या रबरी नळ्या वाकवून त्यांच्या चिरा पाहिल्या, त्या ठीक होत्या. मागची बाजू उचलल्यावर काळ्या मातीचा प्रश्न समोर आला. आमच्या भागात पावसाळ्यात शेतरस्त्याची चिकण माती चाकांच्या आत थापली जाते आणि उन्हाळ्यापर्यंत सिमेंटसारखी कडक होते; तिच्याखाली ओल आहे की नाही हे वरून पाहून सांगता येत नाही. ती खरवडून मागच्या ब्रेकचे गोल झाकण, म्हणजे ड्रम, काढल्यावर डाव्या बाजूच्या व्हील सिलिंडरचे (ऑईलच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागाचे) रबरी टोपण मिस्त्रींनी पेचकसाच्या टोकाने अलगद मागे सारले, आणि आतून काळपट ऑईलचा थेंब ओघळला. ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या लायनरचा एक कोपरा ऑईलने भिजून चकाकत होता. भिजलेले लायनर ड्रमला नीट पकडत नसल्याने डाव्या चाकाचा जोर कमी पडत होता आणि गाडी उजवीकडे ओढत होती.

व्हील सिलिंडरचे फक्त किट, म्हणजे आतले रबर, बदलले असते तर काम स्वस्तात झाले असते. मी तसे विचारलेही. त्यांनी सिलिंडर उघडून, पुसून, उजेडात धरून आतल्या भिंतीवरचे गंजाचे बारीक खड्डे दाखवले. अशा खरबरीत भिंतीवर नवे रबरही लवकर फाटते. हे खड्डे पडण्याचे कारण ब्रेक ऑईलच्या स्वभावातच आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु सुमारे ३.७ टक्के पाणी त्यात मुरल्यावर ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते, आणि तेच पाणी आतून धातू गंजवते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलावे असे सांगितले जाते. सपाट रस्त्यावर ब्रेक इतके तापत नाहीत म्हणून आपल्याकडे हा नियम कोणी पाळत नाही, पण पुसदच्या बाजूचे घाटरस्ते उतरताना ते तापतात. आमच्या गाडीतून निघालेले जुने ऑईल काळ्या चहाच्या रंगाचे होते.

सिलिंडर डावीकडचा नवा बसवला, लायनर मात्र दोन्ही चाकांचे बदलले, कारण एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर गाडी पुन्हा ओढणार. नळ्यांत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढताना पोऱ्या पेडल मारत होता आणि मिस्त्री ती बाहेर सोडणाऱ्या निपलला लावलेल्या पारदर्शक नळीचे दुसरे टोक ऑईल असलेल्या बाटलीत बुडवून बुडबुडे थांबण्याची वाट पाहत होते. शेवटी टाकी 'मॅक्स'पर्यंत भरून, दिवा विझल्याची खात्री करून, त्यांनी फ्लोट मुद्दाम खाली दाबून दिवा पुन्हा लागतो हेही दाखवले. सुटे भाग, ऑईल आणि मजुरी मिळून २,१५० रुपये झाले.

आता उणिवा. ड्रममधील लायनरची धूळ त्यांनी हवेच्या पाईपने उडवली. ही धूळ फुप्फुसांना घातक असते, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतो, आणि पोऱ्या तर तोंडाला रुमालही न बांधता शेजारी उभा होता. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती पुसून घेणे मुळीच अवघड नाही. दुसरे असे की ऑईल त्यांनी फळीवरच्या उघड्या डब्यातून घ्यायला घेतले होते. ऑईल ओलावा शोषते हे स्वतःच समजावून सांगणाऱ्या माणसाने झाकण सैल ठेवलेला डबा वापरावा, हे मला पटले नाही. मी सीलबंद डबा आणायला लावला आणि त्यांनी तो कुरकुर न करता आणला. गाडी उचलायला लिफ्ट नाही, जॅकवरच काम चालते. काढलेले चाक ते गाडीखाली आडवे सरकवून ठेवतात, ही खबरदारी काहीच नसण्यापेक्षा बरी, परंतु घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी टेकू, विकत घ्यायला हव्यात. सुटे भाग येथे साठवलेले नसतात. व्हील सिलिंडर यवतमाळहून एसटीने मागवला, त्यामुळे गाडी संध्याकाळी मिळाली. पावती वहीच्या पानावर लिहून मिळते, मात्र त्यावर प्रत्येक भागाची किंमत वेगळी असते आणि जुने भाग पिशवीत घालून परत दिले जातात.

स्कॅनरबद्दल अनेक जण विचारतात, म्हणून तेही लिहिते. ऑनलाईन मिळणारे स्वस्त ओबीडी यंत्र, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोष वाचणारा स्कॅनर, मोबाईलला जोडून हा दिवा तपासता येईल असा समज आहे. आमच्यासारख्या एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकून घसरू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत या दिव्याचा संगणकाशी संबंधच नाही, तो केवळ तार, बटण आणि फ्लोट यांचा मामला आहे. तेथे कोणतेही यंत्र काही सांगणार नाही. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, त्या गाड्यांची गोष्ट वेगळी. तेथे एबीएसचा पिवळा दिवा आणि ब्रेकचा लाल दिवा एकत्र लागले आणि ऑईलची पातळी ठीक असली, तर दोष चाकांवरचा ब्रेकचा जोर वाटणाऱ्या ईबीडी यंत्रणेत असण्याचा संभव असतो आणि योग्य स्कॅनर लागतोच. मिस्त्रींकडे तो नाही. माझ्या समोरच त्यांनी अशा एका गाडीवाल्याला, "हे माह्या हातचं काम नाही जी, यवतमाळले दाखवा," असे सांगून हात न लावता परत पाठवले.

गाडी न्यायची असेल तर आदल्या दिवशी फोन करून मॉडेल आणि साल सांगावे, म्हणजे लागणारा भाग सकाळच्या एसटीने येतो. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी असल्याने तो दिवस टाळलेला बरा. मोबाईलवरून पैसे देता येतात. नवे लायनर ड्रमला बसल्यावर हँडब्रेकची ओढ पुन्हा तपासून आवळावी लागते, त्यासाठी काही दिवसांनी परत बोलावतात आणि त्या कामाचे वेगळे पैसे घेत नाहीत.