कॅनन ५५-२५० एसटीएम: टिटवीला पुरते, चिखल्याला तोकडी पडते

कॅननची ईएफ-एस ५५-२५० एफ/४-५.६ आयएस एसटीएम ही २०१३ साली आलेली, ३७५ ग्रॅम वजनाची लांब पल्ल्याची झूम लेन्स (आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, एसटीएम म्हणजे फोकसची शांत मोटर). माउंटसकट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यासकट, प्लास्टिकची. क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २५० मिमीला दृश्यकोन फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ४०० मिमीएवढा मिळतो. पक्ष्यांसाठी ही रेंज (लांबचं जवळ आणायची ताकद) कमीच, त्यामुळे पाणवठ्याकाठी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी ती घ्यायची तर आधी हिशेब मांडावा.

कॅनन १५००डी सारख्या २४ मेगापिक्सलच्या बॉडीवर १५ मीटरवरची टिटवी (लांबी साधारण ३५ सेंमी) फ्रेमच्या रुंदीचा पाव भाग व्यापते, म्हणजे दीड हजाराच्या आसपास पिक्सल. क्रॉप करूनही छान प्रिंट निघतो. तेवढ्याच अंतरावरचा केंटिश चिखल्या (पाणकाठचा छोटा पक्षी) मात्र जेमतेम ७०० पिक्सलचा. त्याच्या पिसापिसाचा तपशील या लेन्सकडे मागूच नये. उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर भिगवणकडे उघड्या पडणाऱ्या काठावर बसलेला पक्षी, भोवती खडे, मागे पाण्याची पट्टी, अशी परिसरासकट चौकट मात्र ती झकास देते.

रेंज कमी म्हणून चार पावलं पुढे सरकायचा मोह होतो आणि तिथेच घोळ होतो. टिटवी कलकलाट करत उठली, किंवा चिखल्या पंख मोडल्याचं सोंग करत फरफटत निघाला, की तुम्ही फार जवळ गेलात. पक्षी परत अंड्यांवर बसेपर्यंत मागे हटायचं. एप्रिल-मेच्या दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते. तिला उठवलंत तर अंडी तापतात, शिवाय कावळ्याला जागा कळते. ‘स्वच्छ’ फोटोसाठी घरट्याभोवतीचं गवत उपटणारे महाभागही असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हे त्यांना कुणीतरी सांगावं.

लपायला गाडी उत्तम. काच खाली करून दीड-दोन किलो तांदूळ भरलेली पिशवी खिडकीवर ठेवा, लेन्स तिच्यावर टेकवा. इंजिन बंद हवं, नाहीतर थरथर येतेच आणि बॉनेटवरच्या गरम हवेतून सगळं लिबलिबीत दिसतं. उन्हाळ्यात नऊनंतर वाळूवरची हवाच थरथरू लागते. मग फोटो मऊ आला म्हणून लेन्सला दोष देण्यात अर्थ नाही. कॅमेरा जितका जमिनीलगत, तितकी मागची जागा छान धूसर होते, पण थरथरही तितकीच वाढते. म्हणून खालचा कोन सकाळी सातच्या आत उरकावा.

ऑटोफोकस शांत आहे, वेगही ठीक. पण खड्यांत मिसळून गेलेल्या पक्ष्याऐवजी तो पुढच्या दगडावर बसतो. फोकसचा एकच मधला पॉइंट आणि वन शॉट (एकदाच फोकस धरणारा) मोड ठेवा, शटर अर्धं दाबून धरा आणि फोकस रिंगने बारीक सुधारा. रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा झोपलेला असेल तर ती फिरवून काही होत नाही. बसलेल्या पक्ष्याला छिद्र एफ/७.१, शटर १/५०० सेकंद पुरे. शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याचं पांढरं पोट जळू नये (पार पांढरंफटक येऊ नये) म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली. उडणाऱ्या नदी सुरयला १/१६०० लागतो, आणि तिथे ही लेन्स बहुतेक वेळा मागे पडते.

टेलिकन्व्हर्टरने (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावायच्या जोडभिंगाने) रेंज वाढवू म्हणाल तर कॅननचे टेलिकन्व्हर्टर, म्हणजे एक्स्टेंडर, हिला बसतच नाहीत. ईटी-६३ हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची झडप) वेगळा घ्यावा लागतो, पण घ्याच. वाळूचे कण आणि तिरपं ऊन दोन्ही अडतात.

जुनी घेताना समोरून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का पाहा, विशेषतः कोकणात वापरलेली असेल तर. माउंटच्या कडा झिजल्यात का तपासा. २५० मिमीला १/६० सेकंदावर एक फोटो आयएस चालू ठेवून आणि एक बंद करून काढा. दोन्ही सारखेच हललेले आले तर पैसे खिशातच ठेवा.