रूट कॅनल एका बैठकीत की हप्त्याहप्त्यानं: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

तात्पुरतं सिमेंट पुन्हा भरायचे ३०० रुपये. हे लिहायला बसले त्याचं मुख्य कारण तेच आहे, हे आधीच सांगते. रूट कॅनल म्हणजे दाताच्या मुळातल्या नळीतून (कॅनलमधून) नस काढून, ती फाईलनं, म्हणजे बारीक सुईसारख्या कानशीनं, साफ करून भरून टाकणं आणि वर कॅप, म्हणजे दाताच्या आकाराचं टोपण, बसवणं. ते एकाच दिवशी करायचं की मधे आठवडा ठेवून, हा प्रश्न आहे.

माझ्या तोंडात दोन्ही प्रकार आहेत. खालची डावी पहिली मोठी दाढ गेल्या पावसाळ्यात हप्त्याहप्त्यानं झाली. वरची उजवी उपदाढ (मोठ्या दाढांच्या पुढची लहान दाढ) दिवाळीनंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे एकाच बैठकीत झाली. दोन्हींची नस मेलेली होती आणि दोन्हींच्या मुळाशी एक्स-रेत काळा डाग होता, म्हणजे तिथलं हाड झिजलेलं. फरक एवढाच की दाढेच्या हिरडीवर पू येणारी पुळी होती, उपदाढेला नव्हती.

दाढेला पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "आतून पाझर थांबत नाही, कॅनल कोरडा होत नाही, आज भरता येणार नाही." हे बरोबरच होतं. ओल्या कॅनलमध्ये गट्टापर्चा, म्हणजे कॅनल कायमचा बुजवायचा तो रबरासारखा पदार्थ, भरून उपयोग नसतो. मग आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरली. हे औषध दंतवैद्यकात १९२० पासून वापरात आहे. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो, इतक्या अल्कलीत बहुतेक जंतू टिकत नाहीत. पण ते लगेच काम करत नाही. १९९१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हेच तपासलं होतं. दहा मिनिटं ठेवून फारसा उपयोग झाला नाही, सात दिवस ठेवल्यावर कॅनल स्वच्छ झाले. म्हणून आठवड्यानं बोलावतात. पहिल्या बैठकीनंतर माझी पुळी बसली, ठणकाही गेला. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार आहे ती वरच्या झाकणाची. दोन बैठकांच्या मध्ये दाताला पाडलेलं भोक ज्यानं बुजवतात, ते पांढरं तात्पुरतं सिमेंट. लाळेच्या ओलाव्यानं ते घट्ट होतं, म्हणून घाईच्या दवाखान्यांत तेच वापरतात. ते पुरेसं जाड बसलं तरच आत लाळ झिरपत नाही, निदान साडेतीन मिलिमीटर तरी हवं. आता होतं काय, पुढच्या वेळी उघडायला सोपं जावं म्हणून खाली कापसाचा बोळा ठेवतात. बोळा मोठा झाला की सिमेंटला जागाच उरत नाही, वर नुसता पापुद्रा बसतो. माझ्या दाढेवर तो पापुद्राच होता. मी त्या बाजूनं चावतसुद्धा नव्हते, भाकरी आमटीत कुस्करून खात होते, तरी रविवारी सकाळी चूळ भरताना सिमेंट निघून हातात आलं आणि मागोमाग कापूस.

फोन केला तर उत्तर मिळालं, "काही होत नाही, स्वच्छ कापूस ठेवा, उद्या या." म्हणजे ज्या कॅनलमधले जंतू मारायला आठवडाभर औषध ठेवलं, तो कॅनल एक अख्खा दिवस लाळेला उघडा. लाळ म्हणजे जंतूच. सोमवारी अर्धी रजा टाकून गेले. औषध पुन्हा भरलं, सिमेंट पुन्हा लावलं आणि काउंटरवर ३०० रुपये मागितले. मी म्हटलं, तुमचं सिमेंट निघालं, माझ्या हातून काही घडलेलं नाही, पैसे कसले? "मटेरियलचा चार्ज आहे मॅडम." मी वाद घातला, मागं तीन पेशंट बसले होते त्यांच्यासमोर घातला, आणि शेवटी पैसे दिले, कारण दाढ अर्धवट त्यांच्या हातात होती. हप्त्याहप्त्याच्या उपचारात ही अडचण खरी आहे. मधे भांडून दुसरीकडे जाता येत नाही. नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून पैसे घेतो.

त्या रागात मी उपदाढेसाठी ठरवलं की आता एकदाच बसायचं. ६,५०० रुपये सांगितले, दाढेला ४,५०० पडले होते. पण दाढेचा खरा हिशेब अर्ध्या रजा, रिक्षाभाडं आणि ते ३०० धरून केला तर फरक उरतच नाही. मेडिक्लेम दातांना सहसा लागू होत नाही, त्यामुळे प्रत्येक रुपया खिशातला.

एका बैठकीला दीड-दोन तास आ वासून बसावं लागतं, जबडा अवघडतो. पण इथे रबर डॅम लावला. दाताभोवती ताणून बसवायचा तो रबरी पडदा, आतला दात लाळेपासून पूर्ण वेगळा. १८६४ पासूनची वस्तू आहे ही, आणि दाढेच्या वेळी एकदाही कुणी लावली नव्हती. सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक पाण्यानं कॅनल इतका वेळ धुतलं की मीच विचारलं, अजून किती? डॉक्टर म्हणाल्या, "फाईल सगळ्या भिंतींना पोहोचत नाही, तिथलं काम हे पाणीच करतं. तुम्हाला मधे औषध ठेवणार नाही, म्हणून आज हे जास्त." मला हे उत्तर फार आवडलं.

मात्र नंतरचे दोन-तीन दिवस वाईट गेले. चावताना कळ, रात्री गोळी घ्यावीच लागली. दाढेला एवढं दुखलं नव्हतं. मी घाबरून वाचायला घेतलं, तर कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात नेमकं हेच आहे. चाळीसहून जास्त चाचण्या एकत्र पाहून त्यांनी म्हटलंय की एका बैठकीत केलेल्यांना पहिल्या आठवड्यात दुखण्याचं प्रमाण जास्त दिसतं, पण एक्स-रेवर मुळाशी भरून येण्यात दोन्ही पद्धतींत फरक दिसत नाही.

हा दुसरा भाग मला तेव्हा पटला नव्हता. माझा दाढेच्या दवाखान्यावरचा राग ताजा होता. "हप्त्याहप्त्याचं करूच नका" असंच मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते.

गेल्या आठवड्यात दोन्ही दातांचा एक्स-रे काढला. दाढेच्या मुळाशी जिथे काळा डाग होता, तिथे हाड भरलंय. जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय डागाची जागा कळत नाही. उपदाढेचा डाग अर्ध्यावर आलाय, पण तिला वेळही कमी मिळालाय. डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण भरायला वर्ष लागतं, कधी चार वर्षंही जातात. मला खूप आनंद झाला. ३०० रुपयांचा राग गेलेला नाही, पण पद्धतीवरचा गेला. मधल्या औषधानं माझी पू येणारी दाढ वाचवली. ती एका दिवसात भरा म्हणून मी हट्ट धरला असता तर कुणा चांगल्या डॉक्टरनं ऐकलंही नसतं.

आता माझं मत असं आहे: कॅनल भरताना आत जंतू होते की नव्हते, यावर बरंच ठरतं. १९९७ च्या एका अभ्यासात एकाच बैठकीत भरलेल्या दातांचा पाच वर्षं पाठपुरावा केला होता. भरताना जंतू न सापडलेल्यांत ९४ टक्के पूर्ण बरे झाले, सापडलेल्यांत ६८ टक्के. म्हणून डॉक्टरना "किती बैठका?" विचारण्याआधी मी दोनच गोष्टी विचारते. रबर डॅम लावणार का? आणि मधे थांबायचं असेल तर वर काय भरणार, किती जाड? थोडे दिवस जाणार असतील तर त्या पांढऱ्या सिमेंटवर ग्लास आयोनोमरचा, म्हणजे दाताला चिकटणाऱ्या जास्त टणक सिमेंटचा, थर देता येतो. तो टिकतो. कुणी आपणहून देत नाही, मागावा लागतो.

पैशांची ओढाताण असेल तर सरकारी दंत महाविद्यालय बघा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. खर्च खूप कमी, पण विद्यार्थी करतात आणि टप्प्याटप्प्यावर शिक्षक तपासतात, त्यामुळे खेपा घालायची तयारी हवी. आम्हा कोल्हापूरकरांना ते लांब पडतं.

कॅप टाळू नका. रूट कॅनल झालेली मागची दाढ कॅपशिवाय चिरू शकते, आणि वरून गळती सुरू झाली की आतलं सगळं काम वाया. मी दोन्हींना झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप बसवली, भाकरी, भडंग, ऊस सगळं चालतं.

धाकट्या भावाची दाढ सध्या गरम चहा लागला की कितीतरी वेळ ठणकत राहते. त्याची नस जिवंत आहे, एक्स-रेत डाग नाही, पू नाही. आत मारायला जंतूंची वस्तीच नाही, तर आठवडाभर औषध कशाला ठेवायचं? त्याला शिरोली एमआयडीसीत रजेचे पैसे कापले जातात. येत्या शनिवारी उपदाढेच्याच डॉक्टरांकडे एका बैठकीत करायचं ठरलंय, आणि कॅपचं माप त्याच आठवड्यात द्यायचं हेही मी बोलून घेतलंय.