‘वनौषधी लेपा’च्या डबीत निघालेले स्टेरॉइड: गरोदरपणातील खाज आणि एक फसवणूक

गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात पोटावर उठलेल्या पुरळासाठी ‘१०० टक्के वनौषधींचा’ म्हणून मला जो लेप विकण्यात आला, त्यात क्लोबेटासोल प्रोपिओनेट नावाचे अतितीव्र स्टेरॉइड होते. तसा अहवाल शासकीय विश्लेषकांनी दिला तोपर्यंत माझ्याकडून साडेनऊ हजारांच्या आसपास रुपये घेऊन झाले होते आणि पोटाची व जांघेची कातडी पातळ होऊन बसली होती. तक्रार चौकशीत असल्यामुळे विकणाऱ्या बाईंचे आणि त्यांच्या लेपाचे नाव येथे देत नाही. ते नाव त्यांनी मधल्या काळात एकदा बदललेलेही आहे. विक्रीची पद्धत मात्र तशीच चालू असल्याने तिच्याविषयी तपशिलाने लिहिते.

अकोल्याचा एप्रिल महिना होता. पोटावर ताणाच्या रेषा उमटल्या होत्या. त्या रेषांच्या आतच बारीक लाल पुटकुळ्या आल्या, त्यांचे एकात एक मिसळून चट्टे झाले आणि ते मांड्यांवर उतरले. बेंबीभोवतीची जागा तेवढी कोरी राहिली. सासूबाईंनी आमसुलाचे पाणी लावून पाहिले, आईने खोबरेल तेल सुचवले, कूलरसमोर बसून रात्री काढल्या. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासून हे पहिलटकरणींमध्ये शेवटच्या तिमाहीत दिसणारे पुरळ आहे, बाळाला त्याचा काही अपाय नाही, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते आपोआप जाते, असे सांगितले आणि कॅलामाइन लोशन दिले. निदान अचूक होते. परंतु रात्री तीन वाजता नखांनी पोट ओरबाडणाऱ्या बाईला ‘बाळंतपणानंतर’ ही मुदत फार लांबची वाटते, आणि हा सगळा धंदा नेमका त्या मधल्या काळावर उभा आहे. डॉक्टर सोसायला सांगतात आणि विकणारी बाई उद्या झोप लागेल म्हणते. थकलेल्या जिवाला यातले कोणते बोलणे पटेल हे वेगळे सांगायला नको.

डोहाळजेवणाला आलेल्या नात्यातल्या एका वहिनींनी मला ‘ताईं’चा नंबर दिला. त्यांनी तो चांगल्या मनाने दिला, आणि नवी ग्राहक जोडून दिली की पुढच्या डबीवर सूट मिळते हेही त्यांनी लपवले नाही. व्हॉट्सॲपवर ताईंनी पोटाचे आणि मांड्यांचे फोटो चांगल्या उजेडात काढून मागवले. कितवा महिना, माहेर कुठले, यजमान काय करतात, हे सगळे विचारले. तळहात-तळपाय खाजतात का, लघवी गडद होते का, पुरळात पाण्याचे फोड आहेत का, दुसरे काही औषध चालू आहे का, यांपैकी एकही गोष्ट विचारली नाही. थोड्या वेळाने आवाजी निरोप आला: “बाळा, ही खाज वरची नाही, रक्तातली उष्णता आहे. बाळाला ती लागली तर बाळ अंगावर डाग घेऊन येईल. आणि डॉक्टरांना यातलं काही सांगत बसू नकोस, ते लगेच स्टेरॉइड लिहून देतात.” तो निरोप मी जपून ठेवला आहे आणि तक्रारीला जोडलाही आहे. डबीत स्टेरॉइड घालणाऱ्या व्यक्तीनेच स्टेरॉइडची भीती घालावी, हा निर्लज्जपणा सुचायलाही अनुभव लागत असावा.

लेपाची १०० ग्रॅमची डबी १,८५० रुपयांना होती. तिच्यासोबत ‘रक्तशुद्धी’च्या पुड्या घ्याव्याच लागत, त्यांचे पैसे वेगळे, पुढे ‘आठव्या-नवव्या महिन्याचा विशेष संच’ आला, तो आणखी महाग. रक्कम ताईंच्या नावावर जात नसे. यूपीआयवर दरवेळी एका पुरुषाचे नाव दिसे. पावती मागितली तेव्हा “घरगुती औषधाला कसली पावती?” असे उत्तर मिळाले.

लेपाने गुण आला, आणि तो फार लवकर आला. दुसऱ्याच रात्री मी सलग झोपले आणि आठवडा संपण्यापूर्वी चट्टे फिके पडले. घरात ताईंचे गुणगान सुरू झाले. यात लेपाची थोरवी काही नव्हती. क्लोबेटासोल हे कातडीवर लावण्याच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातले औषध आहे, आणि दाह व खाज दाबणे हेच त्याचे काम. ते दोन-तीन दिवसांत आराम देणारच. लोकांना जी ‘जादू’ वाटते ती त्या रसायनाची असते, आणि तीच विक्रेत्याची सर्वांत मोठी साक्षीदार ठरते. मग दुसऱ्या कोणत्याही पुराव्याची, प्रमाणपत्राची, नोंदणीची चौकशी करावीशी कोणालाच वाटत नाही.

डबी संपून लेप थांबला की खाज आधीपेक्षा जोरात परतली. तीव्र स्टेरॉइड एकदम बंद केले की दाह उसळून वर येतो, हे मला पुढे त्वचारोगतज्ज्ञांकडून कळले. ताईंचे स्पष्टीकरण मात्र तयार होते: आतले विष बाहेर पडते आहे, आता मध्येच सोडलेस तर ते बाळाकडे वळेल. म्हणजे आराम पडला तर औषध खरे, आणि त्रास वाढला तर तेही औषध खरे असल्याचेच लक्षण. या हिशेबात ग्राहकाने लेप सोडावा असा एकही क्षण येत नाही. दिवसातून दोनदा लावायचा लेप चारदा लावायला सांगितला गेला आणि डब्या लवकर संपू लागल्या. एव्हाना उन्हाळ्याच्या घामाने जांघेत नायटा धरला होता. बुरशीच्या संसर्गावर स्टेरॉइड चोळले की कातडीची प्रतिकारशक्ती दबते, कडा पुसट होऊन नायट्याचे नेहमीचे रूप बदलते आणि तो आतल्या आत पसरत जातो. तसेच झाले. ताईंनी फोटो पाहून त्यालाही ‘उष्णता’ म्हटले आणि त्यावरही तोच लेप लावायला सांगितला.

विश्वासाला तडा गेला तो दुसऱ्याच एका बाईमुळे. ताईंच्या ग्राहकांचा एक व्हॉट्सॲप समूह होता. त्यात सातवा महिना संपत आलेल्या एकीने लिहिले की अंगावर पुरळ काहीच नाही, फक्त तळहात आणि तळपाय रात्री असह्य खाजतात. तिलाही तीच डबी सांगण्यात आली. मला त्या वेळी यकृताच्या आजाराविषयी काही माहिती नव्हती, पण नसलेल्या पुरळावर पुरळाचा लेप कसा चालेल, असे मी तिथे विचारले. माझा संदेश काढून टाकण्यात आला आणि पाठोपाठ मलाही समूहातून काढण्यात आले. दुसऱ्या दिवशी मी येथील शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊन रांगेत उभी राहिले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पोट पाहताच पहिला प्रश्न विचारला, “काय लावताय?” पातळ झालेल्या कातडीतून बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या आणि जांघेत नव्या रुंद, जांभळट रेषा उमटल्या होत्या, त्या पोट वाढल्यामुळे आलेल्या नव्हत्या. डबी त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. त्यानंतर त्यांनी तळहात-तळपायांविषयी विचारले. तेव्हा मी त्या समूहातल्या बाईची हकीकत सांगितली, आणि त्यांनी सगळे काम थांबवून मला जे समजावले ते प्रत्येक गरोदर बाईच्या घरी ठाऊक असायला हवे.

पुरळाशिवाय, विशेषतः तळहात आणि तळपायांना सुटणारी, रात्री वाढणारी खाज ही गरोदरपणातल्या यकृताच्या एका विकाराची खूण असू शकते. त्यात पित्ताचा प्रवाह मंदावून रक्तातील पित्ताम्लांचे प्रमाण वाढते. कातडीवर दिसलेच तर फक्त ओरबाडल्याच्या खुणा दिसतात. आईला त्रास खाजेचाच असतो, पण धोका बाळाला असतो: पित्ताम्लांची पातळी लिटरला १०० मायक्रोमोल किंवा त्याहून वर गेली तर बाळ पोटातच दगावण्याची शक्यता वाढते. निदान रक्ततपासणीने होते, पातळीवर पुन्हा पुन्हा लक्ष ठेवावे लागते आणि बाळंतपण केव्हा करायचे हे तिच्यावरून ठरते. या विकाराला कोणताही लेप पुरा पडत नाही. बेंबीभोवती सुरू होऊन पाण्याचे मोठे फोड आणणारा आणखी एक विरळ आजार असतो, त्यालाही तज्ज्ञच लागतात. तीन निरनिराळी दुखणी, त्यांतली एक बाळाच्या जिवाशी संबंधित, आणि ताई तिन्हींना एकच डबी देत होत्या. मला स्टेरॉइडपेक्षाही अधिक संताप या गोष्टीचा येतो.

त्या बाईचा नंबर समूहात दिसत होता, तो मी आधीच उतरवून घेतला होता. तिला त्याच दुपारी फोन केला आणि तपासणी करून घ्यायला सांगितले. तिने ती केली आणि पुढचे सगळे तिच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले. ती हकीकत तिची असल्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. माझीही पित्ताम्लांची तपासणी झाली व ती ठीक आली. फार मोठ्या प्रमाणात तीव्र स्टेरॉइड लावले गेल्यास बाळाचे वजन कमी भरण्याची शक्यता असते, म्हणून बाळाची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी करण्यात आली. तीही समाधानकारक निघाली. लेप एकदम न तोडता डॉक्टरांनी सौम्य मलम मोजून-मापून देत तो सोडवला, नायट्याचे औषध वेगळे दिले आणि साधे मॉइश्चरायझर भरपूर लावायला सांगितले. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. सौम्य स्टेरॉइड मलमे गरोदरपणातही डॉक्टर देतात आणि त्यांना भिण्याचे कारण नसते. कोणते औषध, किती, किती जागेवर, किती दिवस, हे तिथे कोणीतरी ठरवलेले असते. क्लोबेटासोल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाही. माझ्या डबीत ते आहे हे मला सांगितलेच गेले नव्हते, मग मोजणार कोण?

त्या डबीवर पानाफुलांचे चित्र, ‘आयुष मान्यताप्राप्त’ असा शिक्का आणि ‘दुर्मीळ वनौषधी’ हे शब्द होते. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, यांतले काहीही नव्हते. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर हे सगळे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. पुड्या तर नुसत्या कागदात बांधलेल्या होत्या. मी त्या दोन-चारच घेतल्या होत्या, चव सहन झाली नाही. उरलेल्या डॉक्टरांनी लगेच बंद करायला लावल्या, कारण अशा निनावी पुड्यांत शिशासारखे जड धातू असू शकतात आणि शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. हे वाचून कोणी आयुर्वेदालाच नावे ठेवू नयेत. शिकलेल्या वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असते आणि ते नोंदणी क्रमांक विचारल्यावर रागावत नाहीत. ताईंना तो विचारला तेव्हा त्यांनी सात पिढ्यांची परंपरा सांगितली.

तक्रार मी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी दिली. माझ्याकडे एक डबी न उघडलेली शिल्लक होती. औषध निरीक्षकांनी ती रीतसर कागदपत्रे करून ताब्यात घेतली. उघडलेल्या डबीतल्या औषधावर ‘तुम्हीच त्यात काही मिसळले असेल’ असा आक्षेप घेता येतो, म्हणून जिला शंका आली असेल तिने एक सीलबंद डबी, कुरिअरचे वेष्टन, यूपीआयचे व्यवहार आणि संदेशांचे स्क्रीनशॉट सांभाळून ठेवावेत. प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५, आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता दुसऱ्या गावचा असला तरी. ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही लागत नाही. माझी तक्रार तिथे दाखल आहे. पैसे परत मिळालेले नाहीत.

बाळ सुखरूप आहे. पुरळ बाळंतपणानंतर, पहिल्या डॉक्टरांनी सांगितले होते तसे, आपले आपण गेले. नायट्याने अधिक दिवस घेतले आणि जांघेतल्या रेषा कायमच्या राहतील.

मध्यंतरी नणंदेने मला एक जाहिरात पाठवली. लेपाचे नाव नवे आहे, डबीचा रंग हिरव्याचा केशरी झाला आहे, किंमत वाढली आहे, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ म्हणून लावलेले दोन्ही फोटो माझ्या पोटाचे आहेत. बेंबीच्या डावीकडचा तीळ आम्हा दोघींनाही ओळखू आला. परवानगी कोणी विचारली नव्हती. त्याची वेगळी तक्रार सायबर पोलिसांकडे केली आहे. तो केशरी डबीचा फोटो कोणाच्या पाहण्यात आला, तर त्यातले ‘नंतर’ हे लेप लावल्याच्या पहिल्या आठवड्यातले आहे. त्यानंतरच्या महिन्याचे फोटो त्वचारोग विभागाच्या कागदपत्रांत आहेत, आणि आयोगासमोर मी ते जोडले आहेत.