वागळे इस्टेटमधला ऑफसेट प्रेस : छोट्या पक्षाच्या उमेदवाराची छपाई करायची असेल तर

२०२४ च्या विधानसभेला ना युती ना आघाडी अशा एका छोट्या पक्षाच्या उमेदवारासाठी आम्ही काही जण ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात काम करत होतो, आणि छपाईचं सगळं माझ्याकडे होतं. वागळे इस्टेटमधल्या ज्या प्रेसने आमचं काम केलं त्यांच्याबद्दल मनापासून लिहायचं होतं, ते आज लिहितोय. नाव टाकत नाही कारण मालक म्हणाले आमच्याकडे सगळ्याच पक्षांची कामं येतात, उगाच कुणा एकाशी नाव जोडलं जायला नको. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आधी अडचण काय असते ते सांगतो, नाहीतर या माणसांनी काय केलं ते कळणार नाही. कमळ, पंजा, मशाल, धनुष्यबाण यांचं चिन्ह ठरलेलं, त्यांचे गठ्ठे आचारसंहिता लागायच्या आधीच तयार असतात. आपला पक्ष नोंदणीकृत आहे पण मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे अर्जावर सूचक (नाव सुचवणारे मतदार) एकाऐवजी दहा लागतात, आणि आमच्यासारखं आधीपासून राखीव चिन्ह नसेल तर ते मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. ती मुदत होती ४ नोव्हेंबर दुपारी ३. मतदान २० ला, प्रचार १८ ला संध्याकाळी बंद. म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे, आणि त्यात ३ तारखेला भाऊबीज! कारागीर गावाला, अर्धे प्रेस बंद, जे उघडे त्यांच्याकडे मोठ्या पक्षांची लाइन लागलेली. एका ठिकाणी तर पक्षाचं नाव ऐकल्यावर डिझाइन न बघताच पूर्ण पैसे आधी टाका म्हणाले, ते पण ठीक आहे, पण डिलिव्हरीची तारीख विचारली तर "बघू" एवढंच उत्तर.

या प्रेसमध्ये मात्र काकांनी (मालकांना सगळे काकाच म्हणतात) पहिलाच प्रश्न विचारला, "चिन्ह आलंय का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, मग थांबायचं कशाला, चिन्ह आणि अनुक्रमांक सोडून बाकी सगळं आत्ताच लावून ठेवू. आणि त्यांनी जे केलं ते मला अजून कौतुकाचं वाटतं. फोर कलरच्या कामाला चार प्लेट लागतात. काकांनी डीटीपीवाल्या ताईंना सांगितलं की चिन्ह, मतदान यंत्रावरचा नंबर आणि त्याखालची ओळ हे सगळं फक्त काळ्या रंगात ठेवा, त्याच्या मागे पांढरा चौकोन. म्हणजे निळी, लाल, पिवळी या तीन प्लेट दिवाळीतच तयार, ४ तारखेला फक्त काळी प्लेट काढायची राहिली. त्या संध्याकाळी यादी लागली, आम्हाला प्रेशर कुकर मिळाला, मी निवडणूक कार्यालयातूनच फोन केला, आणि रात्री मशीन सुरू पण झालं. सकाळी पहिला लॉट टेम्पोत होता.

कुकरचा मी नेटवरून छान रंगीत फोटो काढून पाठवला होता, तो त्यांनी घेतलाच नाही. म्हणाले साहेब, मतदानाच्या मशीनवर मतदाराला आयोगाचं काळं-पांढरं रेखाचित्र दिसणार, तेच पत्रकावर पाहिजे, तुमचा चकचकीत कुकर बघून गेलेली आजी तिथे शोधत बसेल. मोठ्या पक्षाचं चिन्ह लोकांना पाठ असतं हो, आपल्याला दोन आठवड्यांत ते डोळ्यात बसवायचं असतं, त्यात पुन्हा यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग आपल्यासारखे नोंदणीकृत, मग अपक्ष असा क्रम, आपण खालीच कुठेतरी, म्हणून नंबर आणि चित्र दोन्ही अचूक पाहिजे. हे आमच्या एकाही कार्यकर्त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

डमी मतपत्रिकेचं (मत कुठे द्यायचं ते दाखवायला वाटतात तो नमुना) पण तसंच. विधानसभेची खरी मतपत्रिका गुलाबी असते म्हणून डमीला त्यांनी पिवळा कागद काढला आणि बाकीच्या उमेदवारांच्या रकान्यात काहीही छापणार नाही म्हणून आधीच सांगितलं.

कागदपत्रांच्या बाबतीत तर एकदम कडक. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क असं आहे की प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे, प्रकाशकाने सही करून घोषणापत्र द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि प्रेसने त्याची प्रत छापलेल्या पत्रकासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाहेर लोक सर्रास "अहो चालतंय, ओळ लहान करून टाका" म्हणतात. इथे घोषणापत्र नाही तर प्लेट नाही, विषय संपला. आमचा एक मुलगा दोन सह्यांसाठी कासारवडवलीहून मेट्रोच्या कामातल्या ट्रॅफिकमधून आला, चिडला थोडा, पण पुढे भरारी पथकाने आमचा गठ्ठा उघडून बघितला तेव्हा दोन मिनिटांत सोडला.

बिल जीएसटीसकट, प्रत्येक जॉबचं वेगळं, नगाची संख्या लिहून. आमदारकीला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, आम्ही त्याच्या जवळपास पण नव्हतो, पण हिशेब सगळ्यांना सारखाच द्यावा लागतो, निकालानंतर ३० दिवसांत, आणि दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही. छोट्या पक्षाकडे सीए-बीए कोण नसतो, अशा वेळी नीट बिल देणारा प्रेस म्हणजे अर्धं काम झालं. दहा हजारांच्या वरचं पेमेंट रोख घेतलं नाही, निवडणुकीच्या खात्यातूनच करा म्हणाले, जे नियमातच आहे.

आता खटकलेलं. रेट स्वस्त नाही, भिवंडीत यापेक्षा कमीत होतं. स्टिकरचा गोंद खराब निघाला, दरवाजावरचे दोन दिवसांत कोपऱ्यातून सुटायला लागले, सांगितल्यावर बदलून दिले पण तोवर त्या सोसायट्यांचा राउंड होऊन गेला होता. फ्लेक्स ते स्वतः करत नाहीत, बाहेरून करून घेतात, तिथे एक दिवस उशीर झाला. आणि गल्लीत गाडी लावायला अजिबात जागा नाही, टेम्पो आला की मागे लगेच हॉर्न.

पण वागणूक. आमच्या आधी एका मोठ्या पक्षाचं लाखांतलं काम मशीनवर होतं आणि आमचं काही हजारांचं, तरी दिलेली वेळ पाळली. प्रूफ काकांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, पाण्याच्या मुद्द्याखाली "गायमुख"चं "गायमूख" झालेलं त्यांनीच पकडलं. आमच्या उमेदवार ताई एकदा प्रेसवर आल्या तर खुर्ची दिली, चहा दिला, घोडबंदरच्या टँकरबद्दल अर्धा तास बोलले, मत कुणाला देणार ते सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं पण नाही.

डिपॉझिट वाचलं नाही आमचं, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त लागतात, ते अवघडच होतं. पण दारोदार फिरताना लोक पत्रक हातात घेऊन "त्या कुकरवाल्या ताई ना, नंबर दिलाय बघा" म्हणायचे. आणि शेजारच्या नवी मुंबईतल्या बेलापूरला त्याच निवडणुकीत निकाल ३७७ मतांनी लागला, तेव्हा एकेक पत्रक घरात पोचणं किती महत्त्वाचं ते मला कुणी वेगळं सांगायला नको.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा स्टिकरचा कापला. महापालिकेला किंवा पुढच्या विधानसभेला कुणी अपक्ष किंवा छोट्या पक्षाकडून उभं राहत असेल तर मेसेज करा, नंबर देतो. अर्ज भरला त्याच दिवशी त्यांच्याकडे जा, चिन्हाची वाट बघू नका, आणि प्रकाशक व दोन साक्षीदार सोबत घेऊनच जा म्हणजे फेरी वाचेल.