टाइलचं सँपल हातातून सोडू नका

नव्या घराच्या फिनिशिंगसाठी एका माणसाला दिलेले एकूण 9,55,000 रुपये. त्यातले 3,50,000 बँकेतून गेले आणि 6,05,000 रोख. रोखीतल्या एकाही रुपयाची पावती माझ्याकडे नाही. एवढं लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. मी 31 वर्षं बडोद्यात शाळेत गणित शिकवलं, पायरी लिहिल्याशिवाय मुलांना गुण दिले नाहीत, आणि माझ्याच घराच्या हिशोबात पायऱ्या नाहीत. लोकांना काय सांगायचं, म्हणून गप्प राहिले. पण तो माणूस अजून कामं घेतोय, म्हणून लिहिते आहे.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरातला हिस्सा विकून आम्ही भायलीला प्लॉट घेतला आणि मनासारखं घर बांधलं. बांधकाम करणाऱ्याबद्दल तक्रार नाही. स्लॅब, प्लास्टर, वायरिंग सगळं चोख. घात झाला तो फिनिशिंगमध्ये: टाइल्स, प्लाय, नळ. जे रोज पायाला आणि हाताला लागतं त्यातच.

तो माणूस नात्यातल्या एकांच्या ओळखीने आला. मराठी बोलणारा. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या, बाजारात आम्ही गुजरातीच बोलतो, त्यामुळे भाषेची अडचण होती असं अजिबात नाही. पण हातात मेजरटेप घेतलेला माणूस "मावशी, देवघर ईशान्येलाच ठेवू ना?" असं विचारतो तेव्हा मन सैल पडतं. पोहे खाल्ले, कुलदैवत विचारलं, ह्यांच्या पाया पडला. हे मकरपुऱ्याच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेत, माणसं पारखलेली आहेत. त्यांनाही काही खटकलं नाही.

"सगळं लिहून घ्यायचं होतं ना," असं आता प्रत्येक जण सांगतो. लिहून घेतलं होतं! तीन पानी कोटेशन आहे. टाइलची साइज, प्लायची जाडी, 710 ग्रेड, नळ पितळी, बिजागऱ्या सॉफ्ट क्लोज. एकूण 9,80,000. वर छापलेला जीएसटी नंबर 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा, पंधरा अक्षरी, दिसायला अगदी बरोबर. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की दोन मिनिटांत सगळी माहिती येते, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. मी टाकला ऑगस्टमध्ये, पैसे गेल्यावर. नोंदणी कधीच रद्द झालेली होती. तुम्ही पहिल्याच भेटीत टाका, तो समोर बसलेला असतानाच.

आणि बिल? "पक्कं बिल हवं तर 18 टक्के वर पडतील, मावशी." 9,80,000 वर 1,76,400. ही रक्कम वाचवायचा मोह आम्हाला झाला, हे कबूल करते. पण घर बांधणारा कोण हा मोह टाळतो ते मला सांगा. सुताराला, पेंटरला, फॅब्रिकेशनवाल्याला सगळे रोखच देतात. आम्हीच मोठा गुन्हा केल्यासारखं पोलीस ठाण्यात ऐकून घ्यावं लागलं, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

पैसे असे गेले. 11 फेब्रुवारी 2024 ला 2,50,000 चेकने. 9 मार्चला टाइल्ससाठी 1,85,000 रोख. 2 एप्रिलला प्लाय आणि किचनसाठी 3,10,000, त्यातले 1,00,000 ऑनलाइन आणि 2,10,000 रोख. 24 एप्रिलला बाथरूमसाठी 1,45,000 रोख. 6 मेला 65,000 रोख. उरलेले 25,000 त्याने स्वतःहून घेतले नाहीत. "पावसाळा जाऊ द्या, काम बघा, मग द्या." त्या 25,000 मुळे आमचा विश्वास पक्का बसला. पैसे मागे ठेवणारा माणूस पळून जाईल असं कोणाला वाटेल?

टाइल्स निवडायला तो आम्हाला मोरबीला घेऊन गेला होता. भल्या पहाटे निघून दुपारी पोहोचलो. तिथे कारखान्यांची रांगच आहे, शोरूम बघून डोळे दिपतात. हॉलसाठी 600 बाय 1200 ची, मऊ सॅटिन फिनिशची, कोटा दगडासारखी करडी टाइल मी निवडली. भाव 52 रुपये चौरस फूट. एक सँपल टाइल घरी आणली आणि मागच्या बाजूला मार्करने सही केली, तारीख घातली. इतकी सावध होते मी.

12 मार्चला तो आला आणि म्हणाला, "सँपल द्या, गोडाऊनवाल्याला शेड जुळवायला लागतं. उद्या परत आणतो." मी कपाटामागून टाइल काढली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. माझी सही असलेली टाइल. माझा एकमेव पुरावा मी चादरीत बांधून स्वतः त्याच्या गाडीत ठेवला. रात्री जाग आली की अजून ती चादर दिसते.

14 मार्चला रात्री साडेनऊला टेम्पो आला. दिवसा शहरात टेम्पोला त्रास होतो म्हणाला. 117 पेट्या. एका पेटीत दोन टाइल्स, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. 1,640 चौरस फुटांवर दहा टक्के तूट धरून 117 बरोबर येतात. मी मोजल्या, 117 च भरल्या, आणि मला वाटलं की तपासणी झाली. मग मोबाइलच्या उजेडात एका पेटीचं लेबल वाचलं. शेड नंबरवर काळी शाई फासलेली. दुसऱ्या पेटीवर तेच. तिसऱ्या पेटीवर ग्रेडच्या जागी 'स्टँडर्ड'. आम्ही ठरवलं होतं त्याच्या वरचं, 'प्रीमियम'. मी विचारलं. तो हसला. "मावशी, मार्केटमध्ये जुन्या पेट्याच फिरवतात, आत माल आपलाच आहे. उजेड कमी आहे, उद्या दिवसा बघा."

हाच तो क्षण. ठरलेलं ग्रेड मला माहीत होतं, पेटीवरचा शब्द मी स्वतः वाचला होता. पण टेम्पोवाला घाई करत होता, हे "उद्या बघू" म्हणाले, आणि 10 मेच्या अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरलेली. परत पाठवला तर माल कधी येईल? मी बाजूला झाले.

सकाळी आठला गेलो तर एकही पेटी शिल्लक नव्हती. मजुरांनी रात्रीतून सगळ्या फोडून टाइल्स भिंतीला लावून ठेवलेल्या आणि पुठ्ठा भंगारवाल्याला दिलेला. मिस्त्रींचं काम चालू झालेलं. माल उतरताना दर पेटीच्या लेबलचा फोटो काढा, आणि पेट्या फोडायला स्वतः हजर राहा. रात्री आलेला माल उतरवूच देऊ नका.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: एकाच डिझाइनची टाइल वेगवेगळ्या बॅचमध्ये भाजली की रंगात थोडा फरक पडतो, म्हणून पेटीवर शेड नंबर असतो आणि एका खोलीत एकाच शेडचा माल लावतात. आमच्या हॉलमध्ये निदान तीन शेड आहेत. खालच्या ग्रेडमध्ये टाइल किंचित वाकडी असते, जोडावर काठ वर येतो. सकाळचं तिरकं ऊन आलं की प्रत्येक काठाची सावली पडते. जागोजागी ठोकलं तर पोकळ आवाज येतो. रात्री ट्यूबलाइटमध्ये यातलं काही दिसत नाही.

प्लायचं सांगते. 710 म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा. मानकातली चाचणी 72 तास उकळण्याची आहे. आमच्या शीट्सवर 710 चा शिक्का होता, आयएसआयची खूणही होती. वर सनमाइका चढला की आत काय आहे कोण बघतो? जुलैच्या पहिल्या पावसात सिंकखालचं कपाट फुगलं, मग भिंतीलगतची दोन वॉर्डरोब्ज. शेजारच्यांच्या सुताराला बोलावलं. त्याने तळाचा तुकडा कापून दाखवला: मधल्या थरांत बोट जाईल अशा फटी. "काकी, हा साधा एमआर आहे, शिक्का कोणीही मारतं." एमआर म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, हलका प्लाय. मी तो तुकडा पातेल्यात उकळला. तीन तासांत थर सुटले. आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघता येतो. आमच्या शीटवरचा क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला. हे ॲप फुकट आहे. मला ते एप्रिलमध्ये कोणी सांगितलं नाही.

नळांचं थोडक्यात. कोटेशनमध्ये पितळी, बसवलेले जस्ताच्या ओतकामाचे. बोअरच्या जड पाण्याने चार महिन्यांत क्रोम सालपटासारखं निघालं आणि एक अँगल कॉक हातातच तुटला. चुंबक लावून बघा असं लोक सांगतात. त्याचा उपयोग नाही, कारण पितळेला चिकटत नाही तसं जस्तालाही चिकटत नाही. दुकानातला नळ आणि घरी आलेला नळ दोन्ही वजनकाट्यावर ठेवा.

22 जुलैला फुगलेल्या कपाटाचे फोटो त्याला पाठवले. "बघतो मावशी." मग ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, अर्धं बडोदं पाण्यात गेलं, आणि त्याला कारण मिळालं. आधी "कारीगर गावी अडकलेत", मग "पुराच्या पाण्याने प्लाय फुगला, ती माझी जबाबदारी नाही". आमच्या फाटकाच्या आत पाणी आलंच नव्हतं, आणि फोटो पुराच्या महिनाभर आधीचे! लोकांची घरं वाहून जात असताना त्या पुराच्या आड लपणाऱ्या माणसाला काय म्हणावं. सप्टेंबरमध्ये फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा सगळे बंदोबस्तात. दुसऱ्यांदा साहेबांनी कोटेशन उलटं धरून चाळलं आणि सांगितलं, "बेन, आ तो सिविल मॅटर छे, कोर्टमां जाओ." मी म्हटलं, ठरलेल्या मालाऐवजी हलका माल देऊन पैसे घेणं, शाई फासलेल्या पेट्या आणणं, खोटा परवाना क्रमांक, ही फसवणूक नाही तर काय? मग चर्चा सुरू झाली ती कलमाची. पैसे 1 जुलै 2024 च्या आधी गेले म्हणून जुना कायदा, भारतीय दंड संहितेचं कलम 420. नवा, म्हणजे भारतीय न्याय संहिता, लागू असता तर 318. पाऊण तास हेच. अर्ज काही घेतला नाही. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवायलाच हवी. व्यापारी व्यवहारात आधी चौकशी करता येते, असंही त्यात आहे. आमच्या वाट्याला एफआयआर नाही आणि चौकशीही नाही. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण माझ्या प्रतीवर शिक्का मारायला नकार! शेवटी वरच्या अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टने पाठवला. त्याची पोच आहे, उत्तर नाही. तुम्ही स्पीड पोस्ट पहिल्याच दिवशी करा.

बँकेत गेले. ज्या खात्यात माझे 3,50,000 गेले त्या खातेदाराचा पत्ता ते देणार नाहीत, गोपनीयता. पोलिसांनी मागितला तर देऊ. पोलीस मागणार नाहीत, कारण सिविल मॅटर. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिल आहे का?" जीएसटी कार्यालयात सांगितलं की करचोरीची तक्रार लिहून द्या, पण तुमचे पैसे त्यातून मिळणार नाहीत. रोख 2 लाख किंवा त्याहून जास्त घेण्यावर प्राप्तिकर कायद्यात घेणाऱ्याला दंड आहे असं आमच्या सीएने सांगितलं; 2 एप्रिलला त्याने 2,10,000 घेतले. पण घेतल्याचा पुरावा काय?

6 जानेवारी 2025 ला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. 5 ते 10 लाखांच्या व्यवहाराला 200 रुपये शुल्क, वकील सक्तीचा नाही, एवढं मात्र चांगलं आहे. कायद्यात लिहिलंय की तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, मालाची तपासणी लागली तर पाच. दहा महिने झाले. सात तारखा पडल्या. नोटीस 'घर सोडून गेले' अशा शेऱ्याने परत आली आणि मलाच सांगितलं की नवा पत्ता आणा. मी कुठून आणू? पत्ता बँकेकडे आहे, बँकेला पोलिसांनी विचारायला हवं. एकसष्ट वर्षांची बाई फाइल घेऊन या तीन दारांत फिरते आणि कोणालाही त्याची लाज वाटत नाही. एका तारखेला तर कोरमच नव्हता, म्हणजे सुनावणीला लागतात तेवढे सदस्यच हजर नव्हते. दोन तास बसवून पुढची तारीख दिली.

दरम्यान किचनची खालची कपाटं नव्याने केली, 1,12,000. नळ, 38,600. दोन्हींचं पक्कं बिल घेतलं. हॉलच्या टाइल्स तशाच आहेत, त्या उखडायची ताकद आता आमच्यात नाही. मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा ह्यांना हॉलबद्दल विचारत नाही, हे मला जास्त लागतं.

यंदा गणपतीत मांजलपूरला एका ओळखीच्या बाईंकडे गेले होते. त्यांचंही घर बांधून होत आलंय. "फिनिशिंगला फार चांगला माणूस मिळालाय, आपला मराठीच आहे," म्हणाल्या आणि मोबाइलवर त्याने पाठवलेले कामाचे फोटो दाखवायला लागल्या. फर्मचं नाव वेगळं, नंबर वेगळा. 1,00,000 अॅडव्हान्सचा चेक दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, तो थांबला. तोच फोटो तुमच्याही मोबाइलवर येऊ शकतो, म्हणून खूण सांगते. करड्या टाइल्सचा हॉल, मोठी खिडकी, आणि खिडकीत तांब्याचं घंगाळ, डावीकडे काठाला चेपलेलं. ते माझ्या सासूबाईंचं आहे. वास्तुशांतीच्या संध्याकाळी त्यानेच ते पुसून तिथे ठेवलं आणि फोटो काढला. संध्याकाळचा उजेड आहे, त्यामुळे टाइल्सचे जोड त्यात दिसत नाहीत.